पंचवीस सांगितलं की बावन्न लिहितो

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण, होऊन आठवडाही झाला नव्हता. मुलांच्या अभ्यासाच्या तक्रारी घेऊन पालक येतात, त्या माझ्या नागपूरच्या धंतोलीतल्या खोलीत त्रिमूर्तीनगरहून आई, आजी आणि पहिलीतला मुलगा असे तिघं आले. मुलाला आपण सोनू म्हणू. आईने पिशवीतून चौकटीची वही काढेपर्यंत आजींनी सुरुवात केलीही होती. "मॅडम, पोट्टा काहीच शिकून नाही राहिला जी. परवा मारबत निघाली तं हात जोडले मी. म्हटलं, याच्या अभ्यासाची इडापिडा घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला नागपुरात मिरवणुकीने निघणारा पुतळा, तो इडापिडा घेऊन जातो असं मानतात.

आई कसनुशी हसली. "बाईंनी शेरा दिलाय, 'अंक उलटे लिहितो, घरी सराव घ्यावा.' सराव तर रोज घेऊन राहिलो आम्ही. समोरच्या घरातली मुलगी याच्याच वर्गात आहे, धडाधड वाचते. आणि याला विचारलं आज काय शिकवलं, तर म्हणतो, काहीच नाही."

दरवर्षी याच सुमारास ही तक्रार माझ्याकडे येते. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. रुळण्यात जुलै जातो, मग पहिली चाचणी होते, आणि चाचणी झाली की माझा फोन वाजायला लागतो.

वही उघडली. एका पानाला खोडून खोडून भोक पडलं होतं. भोकाच्या कडेने पेन्सिलचा काळपट लेप, आणि त्याच्याच शेजारच्या चौकटीत पुन्हा लिहिलेलं ५२. "हे कोणी केलं रे?" मी विचारलं. सोनू हळूच म्हणाला, "बाबा." बाबा बुटीबोरीच्या कारखान्यातून साडेआठला घरी येतात, जेवण झालं की वही घेऊन बसतात. म्हणजे हे भोक रात्री नऊनंतरचं.

त्या पानावर बाबांनी तोंडी सांगितलेले वीस अंक होते. नुसत्या लाल फुल्या मोजल्या तर निम्म्याहून जास्त चूक. पण मला सवय आहे, मी आधी बरोबर आलेले बघते. अठरापर्यंतचे सगळे बरोबर, ते बालवाडीपासून तोंडपाठ. ३३ बरोबर, ४४ बरोबर, ४० बरोबर. पंचवीसला ५२, सत्तेचाळीसला ७४. आणि एकोणतीसला १३.

या तेरापाशी मी थांबले. बाबांना ते सगळ्यात मोठं अज्ञान वाटलं असणार, कारण त्याला दोन फुल्या होत्या. मला मात्र तिथेच उत्तर सापडलं.

पंचवीस म्हणताना तोंडातून आधी पाच निघतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा, मग पाच. आपल्याला हे जाणवतही नाही, कारण पंचवीस हा आपल्यासाठी एकच शब्द आहे, फोडायची गरज पडत नाही. सोनू तो फोडत होता. कानावर जे आधी पडलं ते आधी लिहीत होता. एकोणतीसमध्ये त्याला ऐकू आलं एक, मग तीस. एक लिहिला, तीसचा तीन लिहिला. झाले तेरा. एकोण म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आईला विचारलं तर तीही क्षणभर गप्प झाली. "आपण तर असंच पाठ केलं ना मॅडम."

पडताळून पाहायला मी म्हटलं, "सोनू, ट्वेंटी फाइव्ह लिही." शाळा सेमी इंग्रजी, त्यामुळे हे शब्द त्याला येत होते. त्याने न थांबता २५ लिहिले. फॉर्टी सेव्हन, ४७. आजी खुर्चीत पुढे सरकल्या.

वाचकांना आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता, विधिमंडळातही थट्टा झाली. एकवीस, बावीस टाकून द्यावेत असं माझंही मत नाही. पण तेव्हा हसणाऱ्यांनी पहिलीतल्या पोरांच्या वह्या बघितल्या असत्या तर हसू जरा आवरलं असतं.

सोनूच्या वहीत ३ आणि ६ ची अदलाबदलही होती, ती मात्र वेगळ्या जातीची. देवनागरीतला ३ आरशात धरा, जवळजवळ ६ दिसतो. जन्मल्यापासून मुलाचा मेंदू शिकलेला असतो की कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. मग अचानक आपण सांगतो, इथे तोंड फिरलं की वस्तूच बदलली. ही जुनी सवय मोडायला वेळ लागतो. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत असं उलटंसुलटं होणं नेहमीचं आहे. 'दिवस' लिहिताना सोनू वेलांटी द च्या पुढे काढत होता, तेही त्याच्या परीने बरोबरच. उच्चार द नंतर इ असा, आणि वेलांटी काढायची आधी!

आईच्या चेहऱ्यावर अजून शंका होती. "म्हणजे काही प्रॉब्लेम नाही म्हणता?" तसं मी एका वहीवरून म्हणत नाही. डोळे तपासून घ्यायला सांगितले, कारण तो मागच्या बाकावर बसत होता. कानाचं दुखणं, बोलायला कधी लागला, घरात कुणाला वाचायला जड गेलं का, हे विचारलं. मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा टाळतंय, साधी सूचना समजत नाही, आधी येत होतं तेही विसरतंय, असं असेल तर मी वाट बघा म्हणत नाही. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या मूळच्या अडचणीचं, पक्कं निदान मात्र आठव्या वर्षाच्या आधी सहसा करत नाहीत, आणि त्याचं हेच कारण, या वयात सगळ्यांचंच थोडंफार उलटंसुलटं असतं.

मग मी सोनूला विचारलं, "बोजारा किती जमला?" बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन घरोघरी गेलं की मुलांना मिळणारे पैसे.

नंदीबैल घेऊन तो सतरा घरी गेला होता. लाकडी बैल, चाकांचा, शिंगांना बेगड. सगळं सांगून झालं. मी ड्रॉवरमधून दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढून टेबलावर ठेवली. "दाखव बरं, किती मिळाले?" त्याने नोटा एकावर एक रचल्या, नाणी एका ओळीत लावली, आणि सहा नोटांवर हात ठेवून म्हणाला, "हे साठ. आन् हे चार सुटे." नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे. कुणी न सांगता.

"मग किती झाले?"

"चौसष्ट," आजी मधेच बोलून गेल्या. सोनूने त्यांच्याकडे रागाने बघितलं.

दशक-एकक त्याच्या हातात होतं, कागदावर उतरायचं तेवढं बाकी होतं. पहिलीचं वर्ष असतंच त्यासाठी. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने पहिलीच्या शेवटासाठी धरलेली अपेक्षा मी आईला सांगितली: ९९ पर्यंतचे अंक वाचणं-लिहिणं, सोपी बेरीज-वजाबाकी, आणि चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता येणं. पहिलीच्या शेवटी. आपण सप्टेंबरात होतो. केंद्राच्याच दप्तर धोरण २०२० नुसार तर दुसरीपर्यंत गृहपाठच द्यायचा नाही. समोरच्या मुलीचा जन्म जानेवारीचा, सोनूचा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. मोठ्या माणसाला दहा महिने म्हणजे काहीच नाही. सोनू पावणेसहा वर्षांचा, त्याच्या आयुष्याचा तो सातवा हिस्सा.

राहिलं ते 'काहीच नाही'. हे उत्तर मुलं देतात, कारण 'आज काय शिकवलं' हा प्रश्नच त्यांच्या आवाक्यातला नसतो. मी विचारलं, "डबा कुणाजवळ बसून खाल्ला?" झालं, सोनू सुटला. बाजूचा पोट्टा रोज रडतो म्हणून तो त्याच्याजवळ बसतो. बाटलीचं झाकण आता त्याचं त्यालाच उघडतं, जुलैत बाई उघडून द्यायच्या. बाई म्हणतात वही काढा, तारीख टाका, चित्राखाली नाव लिहा, तर तो "तिन्ही गोष्टी लक्षात ठेवतो, मागचा पोट्टा एकच ठेवतो." सू लागली तर हात वर करायचा, आणि बाई दुसऱ्याशी बोलत असतील तर थांबायचं, "पण लय वेळ नाही थांबायचं." आई ऐकत होती. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. वर्गात चाळीस पोरं, एक बाई आणि आपली पाळी येईपर्यंत तग धरणं, हे सगळं या मुलाने दोन महिन्यांत कमावलं होतं. याला वहीत रकाना नाही, म्हणून शेराही नाही.

पुढच्या भेटीला बाबांना बोलावलं. ते आले, थकलेले, जरा अवघडलेले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका मुलीला मी गिरवायचे कागदच्या कागद दिले होते, आणि दिवाळीपर्यंत तिने पेन्सिल धरायचंच सोडलं. मनगटातली लहान हाडं या वयात पुरती कडक झालेली नसतात, हात खरंच दुखतो. बाबांना एवढंच सांगितलं, रात्रीची वही बंद. रविवारी सोनूला घेऊन गोकुळपेठेच्या बाजारात जा, पैसे त्याला मोजू द्या. आजींना काम दिलं: रोज पाचच अंक, आधी नोटा-नाणी मांडायची, नोटांचा आकडा आधी लिहायचा. आणि एकोणतीस म्हणायच्या आधी तीस मांडून एक नाणं उचलून घ्यायचं. समोरच्या मुलीचं नाव महिनाभर घरात काढायचं नाही, हेही आजींनाच सांगितलं. त्या जरा नाराज झाल्या.

दिवाळीनंतर आईचा निरोप आला. ५२ गेले होते, घाईत कधीतरी येतात. ३ अजून मधूनच तोंड फिरवतो. चष्मा लागला नाही.

आणि परवा आजींचा फोन. "मॅडम, हा पोट्टा डोकं खाऊन राहिला जी. म्हणतो, एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर काहून नाही म्हणत? काय सांगू त्याला?"

मलाही ठाऊक नव्हतं. त्याला बाईंना विचारायला सांगा म्हटलं.