झुडपी जंगलातील दफनभूमी आणि ग्रामपंचायतीचा ठराव

गडचिरोली जिल्ह्यातून आपण लिहिता की, वडिलांना गोंड रीतीप्रमाणे गावाबाहेरच्या जुन्या जागेत माती दिली; तिथे त्यांच्या नावाचा दगड उभा करायचा आहे, पण सातबाऱ्यावर ती जमीन ‘झुडपी जंगल’ (खुरट्या झुडपांची पडीक जमीन) असल्याने वनरक्षकाने हरकत घेतली आणि यापुढे सर्व समाजांचे अंत्यसंस्कार नदीकाठच्या नव्या शेडमध्येच होतील, असा ठराव ग्रामपंचायतीने केला.

आपल्या गावात कुणबी-तेली अग्नी देतात आणि मुस्लिमांच्या कब्रस्तानाची स्वतंत्र नोंद आहे. गोंडांची दफनभूमी मात्र कागदावर नाही. मालगुजारीत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारी पद्धतीत, जमीन मालगुजाराची आणि वहिवाट गावाची असे, म्हणून नोंदीची निकड कोणाला भासली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपून पडीक जमिनी सरकारजमा झाल्या, तेव्हा अशा कित्येक वहिवाटी नोंदीविनाच राहिल्या.

झुडपी जंगल हे वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले. ही अडचण वाटते, पण माझ्या मते आपला मार्ग तिथूनच जातो, कारण जमीन वन ठरली की २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो, परंपरेने उपभोगलेल्या अन्य हक्कांना त्याच्या कलम ३(१) मध्ये स्थान आहे आणि त्याखालील नियम १३ तर वहिवाटीची प्राचीनता दाखवणाऱ्या पुराव्यांत विहिरींबरोबर दफनभूमीचाही नावानिशी उल्लेख करतो. म्हणजे तिथले जुने, शेवाळलेले, अर्धे मातीत गेलेले दगड हाच आपला पुरावा आहे. प्रत्येक दगडाचे छायाचित्र घ्या, तो कोणाचा हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या आणि तलाठ्याकडून निस्तार पत्रकाची (गावाच्या पडीक जमिनीवरील सामाईक वापराच्या नोंदीची) नक्कल मिळवून ग्रामसभेमार्फत सामूहिक दावा दाखल करा.

घाईचे कारण आहे. बस्तरमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या दफनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारी २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न झाली आणि अखेर मृतदेह गावापासून दूर, ख्रिस्ती समाजासाठी नेमलेल्या जागी पुरण्याचा आदेश झाला. नोंद नसलेल्या जागेवर विसंबणे किती जोखमीचे आहे, हे त्यातून कळते.

शेड बांधण्यात गैर काही नाही; दफन करणाऱ्यांवर दहन लादणे गैर आहे. गाव अनुसूचित (आदिवासींसाठी घोषित) क्षेत्रात असल्यास तिथल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तिथे ठरावाला लेखी हरकत नोंदवा.

दावा दाखल होईपर्यंत नवा दगड लावू नका आणि सिमेंटचा चबुतरा तर मुळीच नको, वनगुन्ह्याला निमित्त मिळेल. मात्र भावना दुखावतील हे ठाऊक असूनही कोणी आत शिरून जुने दगड उपटले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या.