एकट्याने बीचवर्थला गाडी नेताना
ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून बीचवर्थ हे सोन्याच्या खाणींचे जुने गाव सुमारे 280 किलोमीटर आहे. पहिल्यांदाच एकटे निघणार असाल, तर सकाळी लवकर निघावे आणि परतीला दुसरा दिवस राखून ठेवावा, कारण संध्याकाळी अंधार पडू लागला की कांगारू रस्त्यावर येतात आणि त्या वेळी अनोळखी वळणांवर गाडी हाकणे धोक्याचे असते. तिकडे नेणाऱ्या ह्यूम फ्रीवे या महामार्गावर ताशी 110 किलोमीटरची वेगमर्यादा असून रस्ता बराचसा सरळ आहे. म्हणूनच डुलकी लागण्याची भीती अधिक. दर दोन तासांनी विश्रांतीच्या जागी थांबून खाली उतरावे, पाय मोकळे करावेत. सोबतीला कोणी नसताना ही शिस्त पाळाच. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

वाटेत ग्लेनरोवन लागते. जून 1880 मध्ये नेड केली हा बंडखोर दरोडेखोर तेथेच पकडला गेला, आणि ऑगस्टमध्ये त्याची प्राथमिक सुनावणी बीचवर्थच्या न्यायालयात झाली. ती इमारत अवश्य पाहावी. गावात 1852 मध्ये सोने सापडल्यावर मधाळ रंगाच्या ग्रॅनाइटची जी बांधकामे उभी राहिली, त्यांतून पायीच हिंडावे.

मला स्वतःला मात्र तेथील दफनभूमीतला चिनी विभाग सर्वांत मोलाचा वाटतो. खाणींवर राबायला आलेल्या, मायदेशी परत न गेलेल्या माणसांसाठी कागदी प्रार्थना जाळण्याचे दोन मनोरे तेथे आहेत. त्यासाठी निदान तासभर वेगळा काढा.