ईयोबाला कारण कळले होते का?

प्रश्न : पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. दोन वर्षांपूर्वी तापाचे निमित्त होऊन माझा थोरला मुलगा गेला. त्यानंतर घरी भरलेल्या प्रार्थना सभेत एका ज्येष्ठ बांधवांनी सर्वांसमोर सांगितले की, झाकलेले पाप असल्याशिवाय देव असा हात उगारत नाही. तेव्हापासून मी माझे सारे आयुष्य उकरून पाहते आहे. ते गुप्त कारण मला कधी कळेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, तुम्हाला जे ऐकवले गेले ते शास्त्रात आहे खरे, पण ते कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे. बायबलमधील ईयोब हा नीतिमान माणूस; त्याची गुरेढोरे व दहाही मुले एका दिवसात गेली आणि अंग फोडांनी भरले. त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अलीफज आपल्या या मित्रावर आरोप करतो की, तू भाऊबंदांकडून विनाकारण गहाण घेतलेस आणि विधवांना रिकाम्या हाताने परत लावलेस. यातले काहीही घडलेले नव्हते. दुःख एवढे मोठे आहे तर पापही तेवढेच असणार, एवढ्या हिशोबावर त्याने ते रचले. शेवटच्या अध्यायात परमेश्वराचा कोप होतो तो याच अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले जाते ते ईयोबाला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले, म्हणजे ईयोबाची परीक्षा पाहण्याची परवानगी सैतानाने देवाकडून कशी घेतली, ते वाचकाला कळते, परंतु राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या त्या माणसाला ते बेचाळीस अध्यायांत कोणीही सांगत नाही. परमेश्वर वावटळीतून बोलतो तेव्हा पृथ्वीच्या पायाविषयी, रानगाढवाविषयी आणि शहामृगाविषयी बोलतो. कारण मात्र देत नाही. तरीही ईयोब म्हणतो की, आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी तुला पाहिले. तुम्हालाही या जीवनात कारण कळेलच असे मी लिहू शकत नाही, आणि खोटा दिलासा देऊन तुमच्या मुलाच्या आठवणीचा अवमान करू इच्छित नाही.

एकोणिसाव्या अध्यायात ईयोब म्हणतो की, माझा उद्धारक जिवंत आहे. तेथील मूळ इब्री शब्द ‘गोएल’ हा घरातला शब्द आहे: गरिबीमुळे विकावी लागलेली जमीन सोडवून परत घरात आणणारा जवळचा नातलग तो गोएल. विधवा रूथसाठी तिच्या सासरचा नातलग बवाज गावाच्या वेशीत वडीलधाऱ्यांसमोर उभा राहिला तो याच नात्याने. सर्व आप्त दुरावले असताना ईयोब देवाला आपला नातलग म्हणतो, आणि आपण ख्रिस्ताला उद्धारक म्हणतो तेव्हा हेच रक्ताचे नाते सांगत असतो.

पुष्कळजण घाईने वाचतात असा एक तपशील येथे सांगतो. शेवटी ईयोबाची मेंढरे 7,000 ची 14,000 होतात आणि उंट 3,000 चे 6,000 होतात, म्हणजे सर्व दुप्पट होते; मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे व तीन मुली. मी याचा अर्थ असा घेतो की, देवाने पहिली दहा मुले हरवलेली म्हणून धरलीच नाहीत. त्याच्याजवळ ती होतीच. तुमच्या थोरल्याचीही मोजणी तशीच आहे, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा आयुष्य उकरणे आता थांबवा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाविषयी प्रभूने शिष्यांना स्पष्ट सांगितले की, याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही केले नाही. तुमच्या घरी पुन्हा सभा भरेल तेव्हा ईयोबाच्या दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे वचन मोठ्याने वाचायला सांगा: ते मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कोणीही एक शब्द बोलला नाही.