‘बंदूक खाली करा’ म्हणजे नेमके काय?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. त्या ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी, शिकतात. नुकतीच त्यांनी बारा बोअरची नवी बंदूक घेतली, तिच्या दोन नळ्या एकावर एक आहेत. सोबतचे इंग्रजी माहितीपत्रक त्या घरच्यांसाठी मराठीत लिहीत आहेत. हिला ‘दुनळी’ म्हणावे का? सुटे भाग एकत्र बसवण्याला जोडणी म्हणावे की जुळणी? आणि ‘बंदूक मोडा’ असे लिहिल्यावर आई विचारते, नवीकोरी वस्तू मोडायची कशाला?

दुनळी म्हणाच. शब्द जुना आहे, सोपा आहे, आणि तो नळ्या दोन एवढेच सांगतो. अडचण शब्दात नाही, आपल्या डोळ्यांपुढच्या चित्रात आहे. जुन्या वाड्यात खुंटीला टांगलेली दुनळी शेजारी-शेजारी नळ्यांची असे, शिवाय जोडी म्हटली की मराठी मनाला बैलजोडीच दिसते. म्हणून मांडणी वेगळी सांगायला हवी. ‘वरखाली’ नको, त्यात हालचाल आहे. श्वास वरखाली होतो. ‘उभी दुनळी’ सुटसुटीत खरे, पण ती भिंतीला टेकवून उभी केलेलीही असू शकते. मी ‘उभ्या जोडीची दुनळी’ लिहीन आणि दुसरीला ‘आडव्या जोडीची’. शब्दकोड्यातले उभे-आडवे सगळ्यांना कळते. एकदा असे सांगितले की पुढे नुसते दुनळी पुरे.

मांडणीवरून नाव ठेवण्याचा मोह इंग्रजीतही झालेला आहे. बंदुकांचा अमेरिकी रचनाकार जॉन ब्राउनिंग 1926 मध्ये वारला, आणि त्याने आखलेली या घडणीची बंदूक 1931 मध्ये बाजारात आली ती ‘सुपरपोज्ड’, म्हणजे एकावर एक ठेवलेली, याच नावाने. मांडणीला कारणही आहे. खालची नळी खांद्याच्या रेषेला जवळ असते, त्यामुळे तिचा धक्का बराचसा सरळ मागे येतो आणि तोंड कमी उसळते. म्हणून पहिला बार बहुधा खालच्या नळीचा.

आता मोडणे. आईंची शंका रास्त आहे, तरी शब्द सोडू नका. मराठीत मोडणे म्हणजे नुसते तुटणे नव्हे. आपण गुडघे मोडून बसतो, ते सांध्यात वाकवणेच असते. ही बंदूकही सांध्यात वाकते. पहिल्यांदा ‘सांध्यात मोडून उघडा’ असे पूर्ण लिहा, नंतर नुसते ‘उघडा’. हिंदीच्या वळणाने ‘तोडा’ मात्र लिहू नका. तोडा ही जुन्या बंदुकीची जळती वात. तोड्याची बंदूक ती हीच.

जोडणीपेक्षा जुळणी मला अधिक आवडते. छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांची व्हायची ती जुळणी, कारण तिथे तुकडे एकमेकांशी बसावे लागत. इथेही कारखान्यात नळ्या आणि दस्त्याकडचा भाग एकमेकांना घासून-तपासून बसवलेले असतात. दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या आणून चालत नाही. तुमच्या हातात येतात ते तीन भाग: पेटीसकट (म्हणजे चाप आणि आतली यंत्रणा असलेल्या भागासकट) दस्ता, नळ्या आणि नळ्यांखालचे पुढचे लाकूड. सांध्याच्या खुंट्यांना ग्रीसचे बोट लावायचे, बंदूक उघडण्याची वरची कळ दाबून धरायची, नळ्या तिरक्या धरून सांध्यात टेकवायच्या आणि बंदूक मिटायची. इथे ‘बंद करा’ऐवजी ‘मिटा’ लिहा. डोळे मिटतात, पंख मिटतात. त्या क्रियापदातच हळुवारपणा आहे, आणि आपटून बंद केलेली नवी बंदूक विनाकारण झिजते. शेवटी पुढचे लाकूड बसवायचे. मिटल्यावर कळ मध्यरेषेच्या जराशी उजवीकडे थांबली तर त्याला ‘बिघाड’ म्हणू नका. पुढे झीज होईल तशी ती मध्याकडे सरकते. बंदूक ‘ताठर’ आहे, एवढेच लिहा.

तुम्ही विचारले नाही, पण मला खरी काळजी आहे ती तुमच्या मसुद्यातल्या ‘बंदूक खाली करा’ या वाक्याची. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. पण हिंदीच्या सहवासाने ‘ट्रक खाली केला’, ‘खाली डबा’ हेही आपण रोज बोलतो. एकजण ऐकेल तोंड जमिनीकडे करा, दुसरा ऐकेल काडतुसे काढा. काडतुसे भरलेली बंदूक हातात असताना हा फरक जिवावर बेतू शकतो. ‘रिकामी करा’ आणि ‘तोंड जमिनीकडे धरा’ अशी दोन निराळी वाक्ये लिहा, ‘खाली’ दोन्हींत नको.

तसेच ‘रोखणे’. बंदूक रोखली म्हणजे कुणावर तरी धरली, आणि गर्दी रोखली म्हणजे थांबवली. ‘झाडणे’ तर त्याहून अवघड. गोळी झाडतात आणि घरही झाडतात, म्हणून साफसफाईच्या भागात ‘नळी झाडून घ्या’ असे चुकूनही येऊ देऊ नका. ‘नळीतून फडके ओढा’ म्हणा.

घोडा की चाप? बोलताना लोक घोडा दाबला म्हणतात, पण घोडा हा आपटणारा भाग, आणि तुमच्या बंदुकीत तो पेटीच्या आत आहे, दिसतच नाही. बोटाखाली येतो तो चाप. चापच लिहा.

दुसऱ्याच्या हाती बंदूक देण्याची सूचना मी अशी लिहीन: ‘नळ्यांची तोंडे जमिनीकडे धरा. बोट चापापासून दूर ठेवा. बंदूक सांध्यात मोडून उघडा. काडतुसे असतील तर काढा. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, आणि घेणाऱ्यालाही दाखवा. मगच द्या, न मिटता.’