कोकणात पॅनेलचं घर बांधायचं आहे. परवानगी, कर्ज आणि विमा मिळतो का?

तुमची आठ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे, त्यावर थर्मोकोल भरलेल्या पॅनेलचं (ज्याला एसआयपी म्हणतात) घर उभारायचं आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की असल्या घराला ना कर्ज मिळतं, ना विमा. मिळतं, दोन्ही मिळतं. दापोली तालुक्यात मी असंच ७२० चौरस फुटांचं घर बांधलं, आई आता तिथेच राहते. बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड, मध्ये थर्मोकोल, खाली चिऱ्याचं जोतं. कुठल्याही टेबलावर गेले तरी मला फिरून फिरून एकच गोष्ट विचारली गेली: हे घर पक्कं आहे, की उद्या उचलून नेता येईल? त्याचं उत्तर कागदावर पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

आधी परवानगी. ‘पॅनेलच्या घराला परवानगी लागत नाही’ असं विकणारे सर्रास सांगतात. कृपा करून त्यावर विसंबू नका. १९६६ चा नगररचना कायदा जमिनीवरच्या बांधकामाला ‘विकास’ म्हणतो. भिंत चिऱ्याची की पॅनेलची, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आमची जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत होती, म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली रूपांतरण कर भरून बिगरशेती वापराची सनद मिळाली. तुमची जागा कुठे पडते ते मोजणीच्या नकाशावर पाहा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या क्षेत्राची) रेषा सगळ्यात आधी तपासा. तिथे अडलं तर पुढचं काहीच कामाचं नाही. सातबारा सामाईक असेल तर चुलत्यांच्या संमत्या आत्ताच घ्या. आमचे चार महिने तिथेच गेले.

ग्रामपंचायतीत वेगळाच पेच आला. नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) घराचा प्रकार लिहायचा असतो: मातीचं, दगड-विटा-मातीचं, दगड-विटा-सिमेंटचं, आरसीसी. पॅनेलला रकानाच नाही. लिहिणाऱ्यांचं पेन तिथे थांबलं. त्यांची चूक नव्हती, असं घर गावात पहिलंच होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडलं तेव्हा सिमेंटच्या पक्क्या घरात नोंद झाली. ही नोंद नीट करून घ्या, पुढे बँक आणि विमा कंपनी दोघंही हाच उतारा मागतात.

त्या इंजिनिअरबद्दल थोडं सविस्तर सांगते. कंपनीचं छापील माहितीपत्रक कुणीही बाजूला सारतं. तुमच्या घराचा, तुमच्या जागेसाठी सही केलेला नकाशा लागतो. चिऱ्याचं घर स्वतःच्या वजनाने बसून राहतं. पॅनेलचं घर हलकं, भूकंपात तो फायदाच, पण वारा त्याला खालून उचलू बघतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे पत्रे कुठल्या कुठे गेले ते तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून आमच्या इंजिनिअरने आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब केला आणि जोत्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्ट किती अंतरावर, किती खोल, ते काढून दिलं. काँक्रीट ओतण्याआधी त्या बोल्टचे फोटो काढून ठेवा, नंतर त्यांचा आतला भाग दिसत नाही. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) आला तो आधी जोत्यापाशी उकिडवा बसला, वर आलेला बोल्ट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, मग वहीत लिहायला लागला. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला.

कर्जाचं मात्र लगेच जमलं नाही. पहिल्या बँकेत ‘हा कंटेनर आहे, स्थावर मालमत्ता नाही’ म्हणून फाइल परत आली. दुसरीकडे जाताना मी मंजूर नकाशा, स्थैर्याचा दाखला, कंपनीकडे असलेलं बीएमटीपीसीचं (नवीन बांधकाम पद्धती तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) प्रमाणपत्र आणि इंदूरच्या लाइटहाउस प्रकल्पाची माहिती नेली. केंद्र सरकारच्या त्या प्रकल्पात १,०२४ घरं प्रीफॅब सँडविच पॅनेलचीच आहेत. ती पद्धत आपल्या घरासारखी हुबेहूब नाही, तिथे लोखंडी सांगाडा आहे. तरी ‘असलं कुठेच नाही’ हे बोलणं तिथे थांबलं. व्हॅल्युअरकडून घराचं उरलेलं आयुष्य लेखी घ्या, कर्जाची मुदत त्यावर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण ती वरची मर्यादा झाली. आम्हाला ७५ टक्केच मंजूर झाले.

खरी ओढाताण हप्त्यांची होते. बँक पैसे सोडते ते जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी, उभं काम बघून. पॅनेलचा कारखाना पैसे मागतो ट्रक निघायच्या आधी. म्हणजे मोठी रक्कम द्यायची तेव्हा जागेवर नुसतं जोतं असतं! मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वीच मॅनेजरना भेटून टप्पे बदलून घ्या: जोतं, जागेवर उतरलेला माल, उभारणी, फिनिशिंग. कारखान्याशीही आगाऊ रकमेवर घासाघीस करा. आमच्याकडून आधी ५० टक्के मागितले होते, ३० वर आले. ते मी मुदत ठेवीवर कर्ज काढून भागवले.

विम्याचे दोन भाग धरा. काम चालू असताना कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी (बांधकाम आणि जागेवरच्या मालाच्या नुकसानीचा विमा) लागते. मी ती घेतली नाही. मृगाचा पहिला पाऊस आला, ताडपत्री उडाली आणि दोन पॅनेल गडग्यावर आपटून कोपऱ्यातून फुटले. ते पदरचे पैसे घालून पुन्हा मागवले. घर पूर्ण झाल्यावर भारत गृह रक्षा घ्या. १ एप्रिल २०२१ पासून ही एकाच मसुद्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड सगळं त्यात येतं. रक्कम पुन्हा बांधायच्या खर्चावर धरतात, जमिनीची किंमत त्यात नसते. तिच्यात ‘कच्च्या बांधकामा’ची व्याख्या आहे, लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लास्टिकचं कापड वगैरे. म्हणून अर्जात नुसतं ‘पॅनेल’ लिहू नका. ‘दोन्ही बाजूंना सिमेंट फायबर बोर्ड, आत आगरोधक प्रतीचं थर्मोकोल, जोत्याला बोल्टने पक्कं’ असं पूर्ण लिहा आणि थर्मोकोलचा चाचणी अहवाल जोडा. काही लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि जागा खाडीपासून किती लांब आहे, एवढं खाली कळवा. त्यावरून आधी तलाठ्याकडे जायचं की इंजिनिअरकडे, ते सांगते.