युरोपात तरुणांच्या बेरोजगारीवर एवढा सरकारी पैसा खर्च होतो, त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही समाजकार्याच्या प्रबंधासाठी विचारलंय की हा पैसा येतो कुठून, मिळतो कुणाला आणि त्यातून काही निष्पन्न होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: उपयोग होतो, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत तो सगळ्यात शेवटी पोहोचतो. मी इटलीत तोरिनोला एका छोट्या सहकारी संस्थेत काम करते. चार वर्षं नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या खिडकीवर बसले, आता अशाच प्रकल्पांचे हिशेब बघते. त्यामुळे पैसा आणि माणसं, दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

युरोपचा सामाजिक निधी, म्हणजे रोजगार आणि प्रशिक्षणासाठीचा सामाईक पैसा, १९५७ च्या रोम करारातच ठरला होता. तरुणांसाठी वेगळी रक्कम काढायची वेळ मात्र २००८ च्या मंदीनंतर आली. २०१३ मध्ये २५ वर्षांखालच्यांचा बेरोजगारी दर ग्रीसमध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास होता, स्पेनमध्ये ५५ टक्क्यांच्या. इथे एक काळजी घ्या. हा दर काढताना जी मुलं शिकतायत आणि काम शोधत नाहीत, ती हिशेबातच नसतात. म्हणजे ‘स्पेनमधला दर दुसरा तरुण घरी बसून होता’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. म्हणून इकडे ‘नीट’ हा दुसरा आकडा जास्त वापरतात (आपल्याकडच्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही): शिक्षणात नाही, नोकरीत नाही, प्रशिक्षणातही नाही, अशा तरुणांचं प्रमाण. प्रबंधात तोच घ्या.

एप्रिल २०१३ मध्ये युरोपीय संघाची ‘युवा हमी’ आली. शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून ४ महिन्यांच्या आत प्रत्येक तरुणाला नोकरी, पुढचं शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचं. ‘हमी’ म्हटलं की आपल्याला रोजगार हमी आठवते, पण फरक मोठा आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा कायदा केला. युरोपची हमी ही सदस्य देशांना केलेली शिफारस आहे. शिवाय तिच्यात सहा महिन्यांचं प्रशिक्षणही ‘संधी’ म्हणून मोजलं जातं. वयाची अट आधी २५ होती, २०२० मध्ये ती ३० पर्यंत वाढवली.

हमीसोबत पैसाही ठेवला. २०१२ मध्ये ज्या भागांत तरुणांची बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वर होती, त्यांच्यासाठी सुरुवातीला ६०० कोटी युरो, पुढे वाढवून साधारण ८८० कोटी. पण हा पैसा हातात आधी पडत नाही. देशाने खर्च करायचा, कागद जोडायचे आणि मग ब्रसेल्सकडून, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाकडून, परतावा मागायचा. ज्यांची तिजोरी मंदीने रिकामी झाली होती, नेमक्या त्याच देशांनी आधी खर्च कुठून करायचा? २०१५ मध्ये आगाऊ रक्कम एक-दीड टक्क्यावरून ३० टक्क्यांवर नेली, म्हणजे सुमारे १०० कोटी युरो लवकर मोकळे केले, तेव्हा कुठे बऱ्याच ठिकाणी कामाला वेग आला. छोट्या संस्थांचंही असंच होतं. पगार दर महिन्याला द्यावे लागतात आणि परतावा वर्षभराने येतो. ज्यांच्या गाठीशी शिल्लक आहे त्यांनाच प्रकल्प झेपतात. वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लहान मंडळांना ते झेपत नाहीत, आणि मुलांना नावानिशी ओळखणारी नेमकी तीच असतात.

इटलीत ही योजना १ मे २०१४ ला सुरू झाली. मुलाने ऑनलाइन नोंदणी करायची, मग खिडकीवर येऊन मुलाखत द्यायची. त्याचं शिक्षण, वय, प्रांत असं सगळं बघून ‘नोकरीपासून किती दूर’ याचे चार गट पाडायचे. कायमची नोकरी मिळवून दिली तर संस्थेला सर्वात सोप्या गटासाठी १,५०० युरो आणि सर्वात अवघड गटासाठी ३,०००. ही रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मी मनापासून मान्य करते. अवघड मुलासाठी जास्त पैसे ठेवले, कारण नाहीतर त्याच्याकडे कुणी बघणारच नाही.

तरीही रांगेत पुढे आली ती पदवीधर मुलंच. त्यांना संगणक येत होता, नोंदणी जमत होती, घरी कुणीतरी सांगणारं होतं. त्यांतल्या कित्येकांना आमच्याशिवायही सहा महिन्यांत काम मिळालं असतं. एक एकोणीस वर्षांचा मुलगा आईचा हात धरल्यासारखा मागेमागे आला होता, शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली. पहिल्या तीन भेटींत तो जेमतेम चार वाक्यं बोलला. चौथ्या भेटीला आलाच नाही. मी फोन केला, घरी गेले, मग आला. त्या घरी जाण्याचे तास कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. निकालावर पैसे मिळत असतील तर तीन हजारांसाठी वर्षभर झिजण्यापेक्षा दीड हजाराची चार मुलं घेणं कुठल्याही संस्थेला परवडतं. त्या मुलाला शेवटी एका बेकरीत कायमचं काम मिळालं, पण चौदा महिन्यांनी. ४ महिन्यांच्या हमीत तो अपयश म्हणूनच धरला गेला.

फ्रान्सने वेगळं करून पाहिलं आणि मला ते जास्त पटतं. तिथे १९८२ पासून ‘मिसिऑं लोकाल’ नावाची स्थानिक युवा केंद्रं आहेत. २०१३ मध्ये त्यांच्यामार्फत सुरू झालेल्या योजनेत मुलाला वर्षभर दरमहा पाचशे युरोंच्या जवळपास भत्ता मिळायचा आणि सुरुवातीचे काही आठवडे गटात घालवायचे. भाड्याची चिंता मिटली की माणूस कामाचा विचार करू शकतो, हे गृहीत त्यात होतं. २०२२ मध्ये तिची जागा नव्या करारपद्धतीने घेतली.

युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये इटलीसह सात देश तपासले. एकाही देशाला सगळ्या ‘नीट’ तरुणांना ४ महिन्यांत संधी देता आली नव्हती, आणि केवळ युरोपच्या पैशावर ते शक्यही नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तो अहवाल मुळातून वाचा. यंत्रणेने स्वतःच्या उणिवा इतक्या उघडपणे छापणं मला महत्त्वाचं वाटतं.

आकडे मात्र सुधारले आहेत. १५ ते २९ वयाच्या ‘नीट’ तरुणांचं प्रमाण २०१३ मध्ये १६ टक्क्यांजवळ होतं, २०२४ मध्ये ११ च्या आसपास आलं. २०३० साठी उद्दिष्ट ९ आहे. याचं सगळं श्रेय प्रकल्पांना देऊ नका, अर्थव्यवस्थाही सावरली. २०२१ ते २०२७ साठी नियम असा आहे की, जिथे हे प्रमाण युरोपच्या सरासरीहून जास्त आहे त्या देशांनी सामाजिक निधीतले किमान १२.५ टक्के तरुणांवरच खर्चावेत. नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन हे तर युरोपीय संघाचे सदस्यही नाहीत, तरी त्यांनी एक वेगळा युवा रोजगार निधी चालवला, ज्यात अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून अर्ज करायचा असे.

प्रबंधासाठी एकच उदाहरण निवडायचं असेल तर फिनलंडचं ‘ओहयामो’ घ्या. तिशीखालच्या कुणीही वेळ न घेता आत यायचं. नोकरी, घर, शिक्षण, तब्येत, सगळ्यांसाठी माणसं एकाच छताखाली बसलेली. ती केंद्रं उभी राहताना युरोपचा सामाजिक निधी कामी आला, आणि प्रकल्पाची मुदत संपल्यावरही ती बंद पडली नाहीत. ती कशी टिकली, पगार कुणी द्यायला घेतले, हे शोधा. आमच्याकडची ती खिडकी निधी संपला त्या महिन्यातच बंद झाली.