एमपीएच करू का म्हणतेस, तर

प्रिय,

तुझा मेसेज रात्री वाचला. बीएएमएस झालं, इंटर्नशिपचे काही महिने प्राथमिक आरोग्य केंद्रावर काढले, आता दवाखाना टाकण्यात जीव रमत नाही, म्हणून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करू का, असं विचारतेस. वर "ताई, स्पष्ट सांगा" असंही लिहिलंयस. सांगते.

"जीव रमत नाही" एवढं कारण मला पुरत नाही. पीजीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी मला असे चार-पाच फोन येतात. पण या पदवीने रुग्ण तपासायचा तुझा परवाना काही मोठा होत नाही. पदरात पडतात ते आकडे, बैठका आणि भरपूर एसटी प्रवास. ज्याला त्यातच गोडी वाटते, त्याने खुशाल यावं.

माझी फजिती ऐक. प्रबंधासाठी मी एका उपकेंद्राच्या वहीतून वर्षभराची जन्मवजनं उतरवून घेतली. अडीच, अडीच, तीन, अडीच, दोन-आठशे, अडीच. कमी वजनाची बाळं नावालाच. मी आनंदाने लिहून टाकलं की या भागात जन्मवजन उत्तम आहे. तक्ते रंगीत, मार्गदर्शक खूश. छपाईआधी सहज तिथल्या आरोग्यसेविकेला दाखवलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली. "मॅडम, झोळीच्या काट्याची सुई अडीचलाच अडकते. आणि दोन किलो तीनशे लिहिलं की वरून दहा प्रश्न. आईला गोळ्या दिल्या का, मोठ्या दवाखान्यात का नाही पाठवलं. गाडीभाडं कोण देणार, ते कुणी विचारत नाही."

अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ 'कमी वजनाचं' ठरतं, हे मला पाठ होतं. त्याच रेषेवर एवढी बाळं का येऊन बसलीत, हे मात्र सुचलं नव्हतं. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. दोन वर्षांत खरं शिकले ते त्या पंधरा दिवसांत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम ३९ गावांत केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेने ६२ टक्के घट दिसली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी फेऱ्या मारते, त्यामागे ते काम आहे. बाळाला शेकणाऱ्या बाईइतकंच तिथे जन्म-मृत्यू नीट मोजणाऱ्या माणसाला मोल होतं. तुला त्या मोजणाऱ्याचं काम आवडेल का, ते बघ.

आता संस्थेचं. कोलकात्याची सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था १९३२ पासूनची, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात विद्यापीठाचा विभाग. नावाला भुलू नकोस, माहितीपत्रकाला तर मुळीच नको. मागच्या बॅचच्या दोघांना फोन कर. संख्याशास्त्र कोणी शिकवलं? गावात किती आठवडे होता? कच्चा डेटा स्वतः साफ केला की आयता मिळाला? उत्तर देताना अडखळले तर समजून जा. परदेशाचा विचार असेल तर शिष्यवृत्ती मिळाल्यावरच. शेत गहाण टाकून जायची ही पदवी नाही.

नोकऱ्या आहेत, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याचशा कंत्राटी, ११ महिन्यांच्या. संस्थांमधल्या प्रकल्पाला बांधलेल्या. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव. माझ्या आईला मी नेमकी कसली डॉक्टर, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

फॉर्म भरायच्या आधी माझं एक काम कर. तुझ्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढून एका उपकेंद्रातली गेल्या वर्षीची जन्मवजनं उतरवून आण. नावं नकोत, फक्त वजनं. कोणता आकडा किती वेळा आलाय, ते चौकटीच्या कागदावर हाताने मांड आणि रविवारी घेऊन ये. ते करताना कंटाळा आला तर तसं सांग, मी रागावणार नाही.

आणि सेविकाबाईंना विचारूनच वहीला हात लाव. त्यांच्या डब्याच्या वेळेला जाऊ नकोस.

तुझी,
ताई